चोर सोडून संन्याशाला सुळी

एस. टी. स्टँडवर, रेल्वेच्या फलाटावर, बँकेच्या दारात एक पाटी हमखास दिसते. 'संशयास्पद व्यक्ती अथवा बेवारस वस्तू आढळल्यास त्वरित पोलिसांना कळवा.' ही पाटी आपण सर्वांनी इतक्या वेळा पाहिली आहे, की आता ती कोणी वाचत नाही. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मी ती एकदा शब्दशः वाचली आणि पहिल्याच दोन शब्दांपाशी अडले. बेवारस वस्तू म्हणजे काय, हे समजते. बाकाखाली पिशवी आहे, जवळपास कोणी नाही, चौकशी केली तर 'माझी' म्हणणारा कोणी पुढे येत नाही. म्हणजे ती बेवारस. पण संशयास्पद व्यक्ती म्हणजे कोण? ती ओळखायची कशावरून? कपड्यांवरून? भाषेवरून? खांद्यावरच्या झोळीवरून, दाढीवरून, की आडनावावरून? पाटी यावर मौन पाळते. हा निर्णय ती तुमच्या-माझ्यावर सोपवून मोकळी होते.

आणि आपण तो निर्णय कसा घेतो, यावर कधी कधी कुणाचे प्राण अवलंबून असतात. हे विधान कुणाला अतिशयोक्त वाटेल. परंतु आपल्या धुळे जिल्ह्यातील माणसाला तरी तसे वाटू नये.

१ जुलै २०१८. साक्री तालुक्यातील राईनपाडा. रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. बाजाराला पाच परके पुरुष आले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्यातले. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हा त्यांचा पिढीजात जीवनक्रम. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसे. त्या दिवसांत मोबाईलवरून 'मुले पळवणारी टोळी आली आहे' असे संदेश फिरत होते. त्या पाचांपैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त पुरले, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले. जमावाने त्यांना पकडले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तेथे मरेपर्यंत मारले. एक नव्हे, दोन नव्हे, पाच माणसे! त्या गावातून कोणाचेही मूल पळवले गेले नव्हते.

यावर कुणी म्हणेल, की तो आडरानातला पाडा, तेथील लोक अशिक्षित, अफवेला बळी पडले. हे म्हणणे सोयीचे आहे, पण खरे नाही. हाती स्मार्टफोन असल्याशिवाय व्हॉट्सॲपवरची अफवा पोहोचत नाही. संदेश वाचणारे, ते पुढे पाठवणारे आणि चित्रफिती पाहणारे हात आपल्यासारख्या शिकलेल्यांचेही होते. त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका चित्रफितीची हकीकत तर विचार करायला लावणारी आहे. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, असे तीत दिसत होते. ती मुळात पाकिस्तानात, कराचीतील एका बालकल्याण संस्थेने लोकांना सावध करण्यासाठी तयार केली होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि 'मुलांकडे लक्ष ठेवा' अशा अर्थाचा फलक दाखवतात. हा शेवटचा भाग कुणीतरी कापून टाकला. सावधगिरीचा धडा देण्यासाठी केलेली चित्रफीत अशा रीतीने माणसे मारण्याचे निमित्त झाली. सावधगिरी आणि भीती यांच्यामध्ये किती थोडे अंतर आहे, हे सांगायला याहून वेगळे उदाहरण नको.

राईनपाड्याला दोन वर्षेही झाली नाहीत, तोच १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे तेच घडले. टाळेबंदीचे दिवस. मुंबईहून सुरतेकडे अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक. रात्रीची वेळ, अनोळखी गाडी आणि 'चोर आले, मुले पळवणारे आले' ही अफवा. तिघेही मारले गेले, आणि तेही पोलिसांच्या डोळ्यांदेखत. त्यानंतर कितीतरी दिवस या घटनेला धर्माचा रंग देण्याची धडपड चालली. परंतु राईनपाडा आणि गडचिंचले शेजारी शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे मूळ रोग दिसतो. मारणाऱ्यांना मरणाऱ्यांचे नाव माहीत नव्हते, गाव माहीत नव्हते, काम माहीत नव्हते. माहीत होते ते एवढेच, की हे आपल्यातले नाहीत.

'चोर सोडून संन्याशाला सुळी' ही म्हण आपण शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केली. ती अक्षरशः खरी होईल, एकीकडे गोसावी आणि दुसरीकडे साधू तिचे बळी ठरतील, असे आपल्या गुरुजींनाही वाटले नसेल.

पण मित्रांनो, परका म्हणजे संशयित हे समीकरण राईनपाड्याने काढलेले नाही. ते एकेकाळी या देशाचा कायदाच होते. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमातींत जन्माला येणे हाच त्या कायद्याने गुन्हा ठरवला. त्या लोकांची नोंद होई, त्यांना हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती आणि 'सेटलमेंट' हा शब्द त्या शहराच्या बोलीत आजही आहे. देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षे हा कायदा जिवंत होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. म्हणूनच त्या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जातात. डवरी गोसावी हे भटके आहेत. त्या कायद्याच्या यादीची गोष्ट वेगळी. पण फिरत्या माणसाकडे पाहण्याची जी नजर त्या कायद्याने ऐंशी वर्षे घडवली, ती रद्द करणारा कायदा अजून कोणत्याही संसदेने केलेला नाही. तो आपला आपणच करायचा आहे.

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यांना लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने ठाऊक आहेत. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, दोन्हींवर आपण टिपा लिहिल्या, गुण मिळवले. पण परीक्षेच्या मांडवातून बाहेर पडल्यावर रस्त्याच्या कडेला ठोकलेले पाल दिसले, की आपल्या मनात पहिला विचार कोणता येतो? तो तपासून पाहावा. मग आपण ती पुस्तके वाचली की नुसती अभ्यासली, याचे उत्तर मिळेल.

आता कुणी विचारील, मग काय कुणावर संशयच घ्यायचा नाही? दार सताड उघडे टाकून झोपायचे? मुळीच नाही. माझे म्हणणे तसे असते, तर हा लेख लिहिण्याचे कारणच नव्हते. दुष्ट हेतूने येणारी माणसे असतात, आणि ती वेळीच ओळखली गेली नाहीत म्हणून शेकडो निरपराध प्राणांस मुकले, हाही महाराष्ट्राचाच इतिहास आहे.

१९९३ च्या फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स हे स्फोटक द्रव्य उतरले. ते उतरवायला माणसे लागली, वाहून न्यायला वाहने लागली, वाटेत नाकी लागली. चोरट्या मालाची ये-जा त्या किनाऱ्याला नवी नव्हती. डोळेझाक करण्याचा भाव ठरलेला होता. पुढे खटल्यात सीमाशुल्क खात्यातील आणि पोलीस दलातील माणसेही दोषी ठरली. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत त्या स्फोटकांनी २५७ बळी घेतले. येथे संशयाला जागा नव्हती काय? भरपूर होती. पण जे दिसत होते, त्याची सवय झाली होती.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र घ्या. मुंबईत मच्छीमारांच्या वस्तीच्या धक्क्याला एक रबरी होडी लागली. तीतून पाठीवर जड पिशव्या घेतलेले तरुण उतरले. तेथील लोकांनी त्यांना हटकले, कोण तुम्ही म्हणून विचारले, तर तुम्हाला काय करायचे आहे, अशा थाटाचे उत्तर मिळाले. पोलिसांना सांगूनही फारशी दखल घेतली गेली नाही, असे पुढे प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या तीन दिवसांत १६६ माणसे मेली.

आता ही उदाहरणे राईनपाड्याशी ताडून पाहा. त्या कोळी बांधवांना शंका कशामुळे आली? त्या तरुणांच्या चेहऱ्यामुळे नव्हे. मुंबईच्या किनाऱ्यावर सर्व प्रांतांचे चेहरे दिसतात. शंका आली ती त्यांच्या कृतीमुळे. मासेमारीची नव्हे अशी होडी, रात्रीची वेळ, जाळे नाही, टोपली नाही, जड पिशव्या, घाई आणि विचारल्यावर टाळाटाळ. समुद्र ज्यांना रोजचा आहे, त्यांनाच त्यातली विसंगती दिसली. राईनपाड्याला मात्र विसंगत अशी कृती कोणतीच नव्हती. बाजाराच्या दिवशी बाजारात येणे आणि भिक्षा मागणे, यात विपरीत ते काय?

म्हणून माझे मत असे आहे: संशय कृतीचा घ्यावा, माणसाचा घेऊ नये. आणि तो सांगावा पोलिसाला, गर्दीला सांगू नये.

हे तत्त्व ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्ष वेळ आली, की मन गोंधळते. यासाठी मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. तिला मी 'मामाची कसोटी' म्हणते. ज्याच्याविषयी शंका वाटते आहे, त्या अनोळखी माणसाच्या जागी मनातल्या मनात आपला सख्खा मामा उभा करावा आणि कृती तीच ठेवावी. मामा बाजारात लहान मुलीशी दोन शब्द बोलला, शंका वाटते? नाही. मामा झोळी घेऊन परक्या गावातून चालला आहे; शंका वाटते? नाही. मामा मशिदीत किंवा मंदिरात चालला आहे, नाही. पण मामा रात्री दोन वाजता सराफाच्या बंद दुकानाचे कुलूप हलवून पाहतो आहे? मामा गर्दीत बाकाखाली पिशवी सरकवून मागे न बघता भराभर निघून गेला? मामा रोज शाळा सुटण्याच्या वेळी फाटकासमोर मोटारसायकल लावून एकाच मुलीचा रस्ता धरतो? येथे मामा असला तरी मन चरकते. मामा उभा केल्यावरही जी शंका उरते, तीच खरी शंका. जी नाहीशी होते, तो आपला पूर्वग्रह होता.

या कसोटीला दुसरी धार आहे, आणि ती अधिक टोचते. खरोखरच मामा असला तर काय? किंवा काका, शेजारी, शिकवणीचे मास्तर, घरी येणारे-जाणारे कुणी? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची दरवर्षीची आकडेवारी पाहिली, तर मुलांवरील बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणी आरोपी हा त्या मुलाच्या ओळखीचाच असतो. याचा अर्थ असा, की ज्या धोक्याच्या भीतीने आपण बाजारातल्या गोसाव्यावर दगड उचलतो, तो धोका बहुतेक वेळा आपल्याच ओसरीवर चहा घेत बसलेला असतो. आणि तेथे आपण काय करतो? दार लोटतो. आवाज बाहेर जाऊ देत नाही. 'घरातली गोष्ट घरात' म्हणतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर अत्याचार होत असल्याचे ज्याला कळले, त्याने ते पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे; न कळवणे हाच गुन्हा आहे. किती घरांना हे ठाऊक आहे? परक्याच्या बाबतीत शंका येताच शिक्षा, आणि आपल्याच्या बाबतीत पुरावा असूनही मौन! ज्या समाजात हे दोन्ही एकाच वेळी चालते, त्याची मुले सुरक्षित कशी राहणार? साप साप म्हणून भुई धोपटायची, आणि खरा साप उशाशी असला तर पांघरूण ओढून घ्यायचे, असा हा प्रकार आहे.

आता परक्याला हटकावे की नाही, हा प्रश्न घेऊ. जरूर हटकावे. विचारण्यात कुणाचा अपमान नाही. अपमान असतो तो विचारण्याच्या रीतीत. याबाबतीत मला आलेला एक अनुभव सांगते. द्वितीय वर्षात असताना आम्ही सहा मुली विभागातर्फे एका गावात पाहणीसाठी गेलो होतो. हातात प्रश्नावली, खांद्याला पिशव्या. प्रश्न असे: घरात मुले किती, वये काय, शाळेत कोण जाते, घरी कोण राहते, आईवडील कामाला किती वाजता बाहेर पडतात. वाचकहो, जरा विचार करा! मुले पळवणाऱ्याला जी माहिती हवी, तीच आम्ही दारोदार विचारीत होतो. तिसऱ्या घरापर्यंत दहा-बारा माणसे जमली. आवाज चढू लागले. इतक्यात गावचे पोलीस पाटील आले. त्यांनी प्रथम गर्दीला चार पावले मागे सरकवले. आम्हाला ओट्यावर बसवून पाणी दिले. मग शांतपणे विचारले, "पोरींनो, कोणत्या कॉलेजच्या? कोणी पाठवले? सरांचा नंबर द्या." आमच्या ओळखपत्रांवरची नावे त्यांनी वहीत उतरवून घेतली, सरांना फोन लावला आणि पाचव्या मिनिटाला गर्दीकडे वळून म्हणाले, "कॉलेजच्या पोरी आहेत. द्या त्यांना माहिती." त्या दिवशी आमची प्रश्नावली पूर्ण भरली.

पोलीस पाटील हे पद आपल्याला जुन्या चित्रपटातले वाटते. परंतु महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ प्रमाणे गावातील अशा गोष्टींवर नजर ठेवणे आणि त्या वर कळवणे हे त्याचे विहित कर्तव्य आहे. त्या गृहस्थांनी काही विशेष केले नाही. त्यांनी एकट्याने विचारले, बसवून विचारले आणि मिळालेले उत्तर पडताळून पाहिले. जमाव विचारतो तेव्हा त्याला उत्तर नको असते. दोनशे जणांनी एकाच वेळी विचारलेल्या प्रश्नाला, आणि तोही दुसऱ्या भाषेत, कोणता माणूस नीट उत्तर देऊ शकेल? तो घाबरतो, अडखळतो. आणि त्याचे अडखळणे हाच पुरावा ठरतो.

पोलिसांना कळवण्याचेही एक शास्त्र आहे. ११२ हा क्रमांक आता देशभर एकच आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८, किनारपट्टीवर सागरी पोलिसांचा १०९३, आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०. हे चार आकडे पाठ असावेत. कळवताना जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे: कोठे, किती वाजता, किती माणसे, काय करीत होती, गाडीचा क्रमांक काय, कोणत्या दिशेला गेली. 'अमक्या जातीचे असावेत', 'तमक्या धर्माचे वाटतात' हे पाहिलेले नसते, ते आपण जोडलेले असते. बेवारस पिशवी असेल तर हात लावू नये, लाथ मारू नये, लोकांना दूर करून कळवावे. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्याच्या जर्मन बेकरीत १७ जणांचे प्राण गेले, ते ठेवलेल्या एका पिशवीतील स्फोटाने, हे विसरू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पोलिसांना कळवल्यावर तोच मजकूर गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. पोलिसांना केलेला फोन एका जबाबदार माणसाकडे जातो आणि त्याची नोंद राहते. गटावरचा संदेश पाचशे बेजबाबदार माणसांकडे जातो आणि त्याला बाप नसतो.

'पण आम्हीच पकडले तर काय बिघडले?' असे विचारणारे असतात. कायद्याने सामान्य नागरिकालाही अटक करण्याचा अधिकार दिला आहे; मात्र त्याच्या समक्ष अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडला असेल तरच, किंवा तो जाहीर केलेला फरारी गुन्हेगार असेल तर. पकडल्यावरही विनाविलंब, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली करायचे आहे. केवळ शंकेवरून पकडण्याचा अधिकार कुणालाही नाही आणि मारण्याचा तर कधीच नाही. राईनपाड्यानंतर सोळाच दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींविषयी निकाल देऊन प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्यास सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनासाठी जन्मठेपेपासून फाशीपर्यंतची शिक्षा स्वतंत्रपणे सांगितली आहे. १ जुलै ही तारीख योगायोगाची असेल. आपण धुळे जिल्ह्याच्या लोकांनी मात्र ती लक्षात ठेवावी.

तरीही लोक कळवत का नाहीत, याचा दोष सगळा लोकांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण उगाच झालेली नाही. आमच्या वर्गातील एक मैत्रीण, रोज पाठलाग करणाऱ्या मुलाची तक्रार घेऊन एका पोलीस ठाण्यात गेली. तिला तीन तास बाकावर बसवून ठेवले आणि शेवटी 'तू त्या रस्त्याने जातेस कशाला?' असे विचारले. पुन्हा ती कोणत्या ठाण्याची पायरी चढेल? आणि ती चढली नाही, तर उद्या तिचे भाऊ चार मित्र घेऊन त्या मुलाला गाठतील. म्हणजे पुन्हा जमावच आला! पोलीस ऐकून घेत नाहीत तेथे गर्दी ऐकून घेते, आणि गर्दीला निकाल देण्याची भारी घाई असते. यासाठी आपले हक्क माहीत असले पाहिजेत. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद नोंदवता येते. साक्षीसाठी स्त्रीला तिच्या राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. हे विद्यार्थ्यांना शिकवले पाहिजे, आणि ठाण्यातल्यांनाही आठवण करून दिली पाहिजे.

पोलीस आणि लोक यांच्यात ओळख असली म्हणजे काय होते, याचे उदाहरण भिवंडीने घालून दिले. १९८४ साली तेथे भीषण दंगल झाली होती. पुढे तेथे आलेले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसे आणि हवालदार नियमाने एकत्र बसू लागले. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली, म्हणजे अफवेला शिरायला फट राहत नाही, आणि खरी बातमी सांगायला भीती वाटत नाही.

शेवटी आपल्या महाविद्यालयाविषयी. वसतिगृहात येऊन कुणी सांगतो, "तुझे बँकेचे खाते आणि एटीएम कार्ड दोन महिने वापरायला दे, बसल्या जागी पाच हजार मिळतील." हा माणूस आपल्यासारखेच कपडे घालतो, आपलीच बोली बोलतो, चहाचे पैसे तोच देतो. त्याचा आपल्याला संशय येत नाही. पण फसवणुकीचा पैसा फिरवण्यासाठी अशीच खाती लागतात, आणि कुणा म्हातारीची आयुष्यभराची पुंजी त्या खात्यातून गेली, की पोलीस प्रथम खातेदाराच्या दारात येतात. कँटीनबाहेर बांगड्या विकायला आलेल्या भटक्या बाईकडे मात्र आपण पिशव्या सावरून पाहतो. मामाची कसोटी येथेही लावून पाहावी.

माझी सूचना साधी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला आपण दरवर्षी खेड्यात जातो, रस्ता झाडतो, झाडे लावतो. यंदा त्याबरोबर एक संध्याकाळ राखून ठेवावी. पोलीस पाटील, अंगणवाडीताई, सरपंच आणि गावातले दहा तरुण यांना चावडीवर बोलवावे. परका माणूस आला तर त्याला कोणी विचारायचे, कोठे बसवायचे, कुणाला फोन करायचा आणि गटावर आलेला संदेश खरा की खोटा हे कोणी तपासायचे, हे त्याच बैठकीत ठरवावे. आमच्या विभागाने या कामाची तयारी दाखवली आहे. प्राध्यापक वर्गाने मार्गदर्शन करावे, एवढीच विनंती.

कारण पुढच्या रविवारीही आपल्या तालुक्यात कोठेतरी आठवडे बाजार भरेल. त्या बाजारात कोणी एक परका, खांद्यावर झोळी घेऊन, बसमधून उतरेल. त्याला कोणीतरी विचारलेच पाहिजे. विचारणारा एकटा असावा, त्याच्या हाती पाण्याचा तांब्या असावा, आणि तो आपल्यापैकी कोणी असावा.